सतरावा घाणा

माझी थोरली नात पारू पहिलीत बसली, ते वर्ष २०१३. त्या सालची दिवाळी होऊन पंधरा-सोळा दिवस झाले होते. मी कॉलेजच्या मागच्या पडवीत बसून आंब्याच्या वाळक्या कोयी फोडत होतो. तेवढ्यात परकार मॅडम जिना उतरून धावत आल्या. एका पायात चप्पल होती, दुसरी जिन्यातच राहिली होती.

"चांगूमामा! सतरावा घाणा तुम्हीच लावला होता ना?"

माझ्या हातातला कोयता थांबला. मला वाटलं, कळलं यांना. आता संपलं.

"हो मॅडम. मीच लावला. काय झालं?"

"तीनशे एकेचाळीस!"

"म्हणजे वाईट झालं का?"

"अहो मामा, दोनशे चाळीसच्या वर जात नव्हता आकडा आपला! एका दिवसात शंभरानं वाढला. तीनदा मोजला मी." त्या पडवीच्या पायरीवर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला. मी तांब्या पुढे केला. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "खरं सांगा, काय केलंत? काही वेगळं केलंत का त्या दिवशी?"

"मी काय करणार मॅडम? नेहमीचंच."

"नेहमीचंच," त्या म्हणाल्या. "म्हणजे कोयींनाच दया आली म्हणायची."

त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. मी माझा पेढा पारूसाठी कागदात बांधून नेला.

मी जातीचा कातकरी. चांगू हिलम माझं नाव. बापानं कोळशाच्या भट्ट्या लावल्या, मीही लावल्या. दिवाळीनंतर मुकादम ट्रक घेऊन यायचा. आम्ही बायकापोरं, कोंबड्या, मडकी घेऊन त्यात चढायचो आणि पावसाच्या तोंडाला परत यायचो. शाळेचं दार मी बाहेरूनच पाहिलं. अंक मात्र यायचे, कारण पोती मोजावी लागत. घड्याळही कळायचं.

डॉक्टर रेहाना परकार मला पहिल्यांदा भेटल्या त्या भट्टीवरच. सावित्री नदीच्या काठी, हमरस्त्यापासून आत, एका कॉलेजात संशोधनाचं केंद्र होतं. तिथे त्या नव्या आल्या होत्या. नाकाला ओढणी लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मामा, आत कोळसा झाला हे बाहेरून तुम्हाला कसं कळतं?"

मी म्हणालो, "धुरावरून. पांढरा धूर म्हणजे पाणी जातंय. पिवळा धूर म्हणजे डांबर जातंय. निळा आला की कोळसा झाला. मग सगळी भोकं चिखलानं बुजवायची आणि गार होईस्तोवर हात लावायचा नाही."

"आणि घाई केली तर?"

"घाई केली तर राख."

त्या तासभर थांबल्या. महिन्याभरानं त्यांचा निरोप आला की केंद्रात भट्टी सांभाळायला माणूस हवा आहे. पगार, राहायला आवारात पत्र्याची खोली, खोलीत लाइट. फक्त चौथी पास पाहिजे.

"मामा, चौथी झालीय ना?" त्यांनी विचारलं.

"झाली," मी म्हणालो. त्यांच्याशी बोललेलं ते माझं पहिलं खोटं. सही म्हणून नाव काढता येत होतं, तेवढ्यावर निभावलं.

त्यांची भट्टी पाहून मला हसू आलं होतं. मांडीएवढी लांब पांढरी नळी, तिच्याभोवती पेटी, पेटीवर तांबडे आकडे. नळीच्या एका तोंडातून आर्गॉन नावाचा गॅस आत जायचा, दुसऱ्या तोंडातून धूर बाहेर. नळीत पसाभर कोयींचा चुरा. मी म्हणालो, "मॅडम, एवढ्या कोळशावर चहासुद्धा होणार नाही."

"चहा नाही करायचा. यातून बॅटरी करायची."

त्यांनी मला समजावलं ते असं. मोबाइलच्या बॅटरीत लिथियम असतं. ते बाहेरून आणावं लागतं आणि महाग पडतं. सोडियम आपल्या मिठातच आहे, समुद्रभर आहे. पण लिथियम अंगानं बारीक आणि सोडियम जाडा. बॅटरी भरताना तो कोळशाच्या थरांमध्ये शिरून बसायला पाहिजे. पेन्सिलीतल्या शिशाचे थर पत्रावळ्यांच्या चवडीसारखे घट्ट बसलेले असतात, त्यात सोडियमला शिरायला जागा नाही.

"मग चवड विस्कटा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अगदी हेच तर करायचंय मामा. पत्रावळ्या चुरगळलेल्या पाहिजेत आणि मधे बारीक पोकळ्या पाहिजेत. इतक्या बारीक, की केसाच्या जाडीत पन्नास हजार बसतील. असा कोळसा, की कितीही तापवला तरी त्याची चवड नीट लागत नाही."

"एवढ्या बारीक भोकांना राखण कोण करणार?"

"तुम्ही," त्या म्हणाल्या.

कॅनिंगवाल्यांकडून कोयींची पोती यायची. मी त्या फोडायचो, टरफल दळायचो, नळीत भरायचो, भट्टी लावायचो. आम्ही भजी तळतो तसा एकेका खेपेला मी घाणा म्हणायचो. पुढे त्याही घाणाच म्हणायला लागल्या. झालेली पूड त्या वर नेत, हातमोजे जडवलेल्या काचेच्या पेटीत हात घालून शर्टाच्या बटणाएवढ्या बॅटऱ्या बांधत आणि त्या यंत्राला लावून पुडीत किती वीज मावते त्याचा आकडा काढत. वर्षभरात दोनच नियम त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगितले.

पहिला नियम: "हवा म्हणजे या कामातला चोर. चमचाभर हवा आत गेली तरी तो घाणा टाकून द्यायचा. लाइट गेली तरी टाकून द्यायचा."

दुसरा नियम रजिस्टरचा. तारीख, घाण्याचा नंबर, किती वाजता लावली, किती तापवली, किती वाजता उघडली आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. पहिल्या दिवशी पहिली ओळ त्यांनी स्वतः लिहिली. शेऱ्यात दोन शब्द लिहिले आणि वाचून दाखवले, "सर्व सुरळीत. काही वेगळं झालं नाही तर एवढंच लिहायचं. झालं, तर काय झालं ते लिहायचं."

"बरं," मी म्हणालो.

ते दोन शब्द मी चित्रासारखे पाहून उतरवले. कुठे गोल, कुठे काठी, कुठे शेपूट. चार घाण्यांत हात बसला. मग दर घाण्याला तेवढंच लिहायचं, दुसरं काही मला लिहिताच येत नव्हतं.

आता त्या आकड्याकडे वळतो. तीनशे एकेचाळीस आला आणि मॅडमनी तो लिहून बाहेरदेशी पाठवला. तिकडच्या मासिकात तो छापून आला. केंद्राचे प्रमुख देवस्थळी सर, मोजून बोलणारा माणूस, त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं, "परकार, तुमच्या कोयींनी आमचं नाव काढलं." आणखी तीन वर्षांचा प्रकल्प मिळणार, नवी मोठी भट्टी येणार, असं ठरत आलं.

आणि अठरावा घाणा दोनशे अडतीसवर आला.

"एखादा बिघडतो," मॅडम म्हणाल्या.

एकोणिसावा दोनशे चाळीस. विसावा दोनशे पस्तीस. तिसावा झाला, चाळिसावा झाला. मॅडमनी गॅसचं सिलिंडर बदललं. पाणी बदललं. कोयींची पोती बदलली, हापूस वेगळा केला, पायरी वेगळी केली, रायवळ वेगळा केला. सतराव्या घाण्याच्या कोयी कुठल्या पोत्यातल्या, ते पोतं पडवीत कुठल्या कोपऱ्यात होतं, हेही शोधून काढलं. त्या बारीक होत गेल्या. डबा उघडायच्या आणि तसाच बंद करायच्या.

मार्चमध्ये एकदा दुपारी पडवीत आम्ही चहा पीत होतो. त्या म्हणाल्या, "मामा, रागावू नका. परत विचारते. तो मंगळवार होता, बारा नोव्हेंबर. आठवा. काहीही. कुणी येऊन गेलं? नळी कुणी हलवली? तुम्ही शिंकलात तरी सांगा."

"शिंकलो असेन."

"मामा, थट्टा नको."

"काही झालं नाही, मॅडम. रजिस्टरात आहे तसंच."

"रजिस्टरात सर्व सुरळीत आहे," त्या म्हणाल्या. कप खाली ठेवून हळूच पुढे म्हणाल्या, "तेच तर माझ्याजवळ एक आहे."

झालं होतं. त्या दिवशी वेगळं झालं होतं आणि ते करणारा मी होतो. पण ते सांगायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं, की मी नियम मोडला. मग त्यांनी विचारलं असतं, रजिस्टरात का नाही लिहिलं? मग सांगावं लागलं असतं, की मला लिहिता येत नाही, चौथी खोटी आहे. मग खोली गेली असती. खोली गेली की दिवाळीनंतर ट्रक. आणि भट्टीवर गेलेली पोर शाळेत परत येत नाही. मी पाहिलंय. मीच तसा होतो.

घरी भागीला, माझ्या बायकोला, मी एकदा सांगून टाकलं. ती भाकरी थापत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ती बाई शिकलेली हाय. तिला धा कामं मिळतील. आपल्या पारूला दुसरी शाळा कुठची?"

मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

मे महिन्यात बाहेरदेशातून पत्र आलं. दोन ठिकाणच्या लोकांनी मॅडमची रीत जशीच्या तशी करून पाहिली होती आणि त्यांना आकडा मिळाला नव्हता. कुणीतरी लिहिलं होतं, हा आकडा मोजलेला नाही, बसवलेला आहे. देवस्थळी सर जिन्यात उभे राहून म्हणाले, मला ऐकू आलं, "परकार, सतराव्या घाण्याच्या अंगात आलं होतं की काय?"

जुलैत चौकशीला तीन माणसं आली. मोठ्या टेबलाभोवती बसली. मॅडम एका बाजूला उभ्या होत्या, त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं. मला बोलावलं. मी हात धुऊन, टोपी काढून गेलो.

मधे बसलेले गृहस्थ दक्षिणेकडचे होते. बाकी दोघांप्रमाणे त्यांनाही मराठी येत नव्हतं, वाचताही येत नव्हतं. ते इंग्रजीत विचारत आणि देवस्थळी सर मराठीत सांगत.

"भट्टी तुम्ही लावता?"

"हो साहेब."

"किती वर्षं हे काम करता?"

"लहानपणापासून. इथे एक वर्ष."

मॅडम पुढे होऊन म्हणाल्या, "सर, माझ्या आकड्यावर विश्वास नसेल तर नसू दे. पण हे रजिस्टर मी लिहीत नाही, हे लिहितात. घाण्यात काय निघालं ते यांना ठाऊकही नसतं, तेव्हाच शेरा लिहून झालेला असतो. हा माणूस खोटं लिहीत नाही." देवस्थळी सरांनी ते इंग्रजीत सांगितलं की नाही, मला माहीत नाही.

रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "सतरा नंबरला काय लिहिलंय, वाचा."

सतरा मला ओळखता येत होता. मी त्या ओळीवर बोट ठेवलं. "सर्व सुरळीत."

"हे अक्षर तुमचं?"

"माझंच."

दक्षिणेकडचे गृहस्थ पान पाहत होते. पान सगळं निळ्या शाईचं, वर एकच ओळ तांबड्या शाईत होती. त्यांनी तिच्यावर बोट टेकवलं आणि काहीतरी विचारलं. देवस्थळी सर चष्मा पुसत होते. पुसता पुसताच म्हणाले, "ते विचारतायत, इथे काय आहे? तांबडं का आहे?"

त्या ओळीकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. पण त्या रकान्यात दुसरं काय असणार? वर्षभरात मी तिथे दुसरं काही लिहिलंच नव्हतं.

"सर्व सुरळीत," मी म्हणालो. "निळी शाई संपली असेल साहेब."

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवून ते इंग्रजीत सांगितलं. तिघांनी माना हलवल्या. माझ्या खांद्याशी मॅडम उभ्या होत्या, त्यांचा हात टेबलावर रजिस्टरजवळ टेकलेला होता. तो त्यांनी सावकाश उचलून घेतला. तेवढंच मला दिसलं. मला वाटलं, त्या दमल्या.

"डॉक्टर परकार, तुम्हाला आणखी काही सांगायचंय?" सरांनी विचारलं.

मॅडमनी रजिस्टर मिटून ठेवलं. मग म्हणाल्या, "नाही. काही नाही."

निकाल पंधरा दिवसांनी लागला. छापलेलं परत घ्यायचं. प्रकल्प बंद. मॅडमना दोष दिला नाही, पण पुढची नेमणूकही दिली नाही.

निकालाच्या आधी, चौकशीच्याच दिवशी, सगळे गेल्यावर मॅडम भट्टीच्या खोलीत आल्या. मी नळी पुसत होतो. त्यांनी दार लोटलं आणि स्टुलावर बसल्या. आवाज एकदम मऊ होता, आजारी माणसाशी बोलावं तसा.

"मामा, आता तिसऱ्यांदा विचारते. यापुढे नाही विचारणार. त्या दिवशी काय झालं होतं ते मला एकटीला सांगा. मी कुणाला सांगणार नाही. तुमची नोकरी जाणार नाही. माझ्या अब्बांची शपथ."

माझ्या ओठांवर आलं होतं. भिंतीवर घड्याळ होतं, चार वाजून पाच मिनिटं झाली होती. पारू शाळेतून येऊन पडवीत पाटी घासत बसली होती, तिचा आवाज येत होता. क, ख, ग.

"काही नाही मॅडम," मी म्हणालो. "सर्व सुरळीत."

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

जाताना त्या आमच्या खोलीवर आल्या होत्या. म्हसळ्याला आपल्या गावी शाळेत शिकवायचं ठरलं आहे म्हणाल्या. पारूला चित्रांचं पुस्तक दिलं. भागीनं चहा केला. उठताना मला म्हणाल्या, "मामा, पारूला शिकवा. आणि पारूकडून शिका." मी हसलो. भागीही हसली. आम्हाला ती थट्टा वाटली.

त्यानंतर मला तो आकडा दिसायला लागला. गाडीच्या नंबरात दिसायचा, रेशनच्या पावतीत दिसायचा. एकदा बाजारात पाठमोऱ्या बाईच्या एका पायात चप्पल नव्हती, नुसती तुटली होती म्हणून हातात घेतली होती, तर मी तिच्यामागे वेशीपर्यंत गेलो. भट्टीच्या खोलीत नळी पुसताना स्टुलावर कुणीतरी बसलंय असं वाटायचं. मी स्टूल बाहेर नेऊन ठेवलं. तर ते नाही म्हणून जास्तच वाटायला लागलं.

पारू तिसरीत गेली तेव्हा मी तिच्याजवळ पाटी घेऊन बसलो. तिला म्हणालो, "मला शिकव. पण कुणाला सांगू नको."

"आजोबा, तुला एवढंही येत नाही?"

"नाही."

"मग तू ऑफिसात काय लिहितोस?"

मी पाटी पुढे सरकवली. ती मास्तरणीसारखी छडी घेऊन बसायची. "स चुकला. परत काढ. पोट मोठं काढ त्याचं." साठीला आलेला माणूस मी. बोटं भट्टीनं जाड झालेली, पेन्सिली मोडायच्या. दोन वर्षं लागली. सुट्टं अक्षर येई, पण शब्द जुळत नसे. शब्द जुळला तर ओळ संपेपर्यंत पहिला विसरायचा. पण आलं.

तोवर केंद्र बंद झालं होतं. कपाटं रिकामी करून रद्दी काढायला मलाच सांगितलं. त्यात ते रजिस्टर होतं. मी ते सदऱ्याखाली घालून घरी आणलं आणि ट्रंकेत कपड्यांच्या खाली ठेवलं. वर्षभर उघडलं नाही. वाचता येतंय असं वाटलं, तेव्हा उघडलं. २०१८ चा नोव्हेंबर होता, दिवाळीच्या सुटीत पारू मामाकडे गेली होती.

पान सापडलं. सर्व सुरळीत, सर्व सुरळीत, सर्व सुरळीत. माझं अक्षर. पहिल्यांदाच मी ते वाचत होतो.

मग तांबडी ओळ आली. तिच्यावर बोट ठेवून मी एकेक अक्षर लावलं. घाणा नंबर चौदा. त्या दिवाळीला मी चार दिवस गावी गेलो होतो, तेव्हा भट्टी मॅडमनीच लावली होती. अक्षर त्यांचं होतं. शेऱ्यात लिहिलं होतं: "नळीला तडा गेला. घाणा टाकून दिला."

मी ती ओळ चार वेळा वाचली.

ही ओळ मी त्या साहेबांपुढे वाचली होती. ही ओळ लिहिणारी बाई माझ्या खांद्याशी उभी होती आणि ओळ तिच्या डोळ्यांसमोर होती. म्हणजे त्याच क्षणी तिला कळलं होतं की या माणसाला अक्षर येत नाही आणि हे अख्खं रजिस्टर म्हणजे एक चित्र आहे. तिनं तोंड उघडलं असतं तर तिची सुटका होती. पाहा, म्हणाली असती, याला वाचता येत नाही, सतराव्या घाण्याला काय झालं असेल कोण जाणे, मला शोधायला वेळ द्या. देवस्थळी सरांनी विचारलं होतं, आणखी काही सांगायचंय? ती म्हणाली होती, काही नाही. मग दार लोटून, स्टुलावर बसून, मला एकट्याला विचारलं होतं.

त्याच दिवशी मी पत्र लिहायला बसलो. पाच दिवस लागले. पत्र असं होतं:

"परकार मॅडम यांस चांगू हिलमचा नमस्कार. सतराव्या घाण्याला दुपारी तुम्ही बाहेरगावी होता, तेव्हा लाइट गेली. जनरेटरला डिझेल नव्हतं. भट्टीवर तापमानाचा आकडा तीनशे दहा होता. नळीतून पिवळा धूर येत होता. आमच्या भट्टीत पिवळ्या धुरात जाळ बसला तर ती टाकून देत नाहीत, तिला श्वास देतात. वाऱ्याच्या बाजूला मुठीएवढं भोक पाडतात, शंभर मोजतात आणि बुजवतात. ती मग दुसऱ्यांदा लावली की कोळसा चांगला होतो. असं माझा बाप करायचा. मी गॅस बंद केला. नळीचं तोंड उघडलं. शंभर मोजले. हवा आत गेली. तोंड बंद केलं. तीन तासांनी लाइट आली तेव्हा गॅस सोडून परत लावली, तुम्ही सांगितलं होतं तिथवर तापवली. टाकून द्यायला जीव झाला नाही. रजिस्टरात वेळ नेहमीचीच टाकली, आणि मला लिहिता येत नव्हतं म्हणून बाकी लिहिलं नाही. आता येतं."

पत्र टपालात टाकायचा धीर झाला नाही. मी स्वतः गेलो. म्हसळ्याला उतरून परकारांचं घर विचारलं. अंगणात एक म्हातारे गृहस्थ जाळं विणत बसले होते. बोटीवर खलाशी होते, असं मॅडम सांगायच्या. त्यांचे अब्बा, इब्राहिमभाई.

"रेहाना मॅडम आहेत का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातांकडे पाहिलं. जाळं बाजूला ठेवलं.

"तुमी चांगूमामा का?"

"हो."

"बसा," ते म्हणाले. "पानी प्या आधी."

मी पाणी प्यायलो नाही. मला कळलं होतं.

ऑगस्टमध्ये ताप आला, ते म्हणाले. शाळेतून भिजून आली, पायाला जखम होती. साधा ताप म्हणून तीन दिवस काढले. मग लेप्टो निघाला. मोठ्या हॉस्पिटलात न्यायला गाडी ठरवली होती, तोवर आटोपलं.

मी पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट केलं आणि परत दिलं. "मला डोळ्यांनी होत नाही. तुमीच वाचा."

मी वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या माणसाला मी काहीतरी वाचून दाखवत होतो. अडखळत, बोट ठेवत. संपल्यावर ते उठले आणि मला परसात घेऊन गेले. तिथे विटांची एक लहान भट्टी होती आणि भिंतीला लागून पत्र्याचे डबे एकावर एक रचलेले. प्रत्येकावर नंबर. मी वाचत गेलो. शेवटचा एकशे बारा होता.

"सुट्टीच्या दिवशी हेच," ते म्हणाले. "आंब्याच्या कोयी आनायची, जालायची. मी म्हनायचो, अगे, काय शोधतेस? तर म्हनायची, अब्बा, एका मानसाला ठाऊक हाय. मी म्हटलं, मग जा, विचार त्याला. तर म्हनाली, तीनदा विचारलं. आता विचारलं तर त्याला परत खोटं बोलावं लागेल. तो येईल स्वतः. त्याला वेळ लागेल."

त्यांनी एक डबा उघडून माझ्यापुढे धरला. मी चिमूटभर काढून बोटांवर चोळला. जरा चिकट लागला. डांबर आतच राहिलं होतं. श्वास दिला नव्हता.

घरी आल्यावर मी ट्रंकेतून रजिस्टर काढलं. सतराव्या ओळीतल्या माझ्या दोन शब्दांवर काट मारली आणि समासात बारीक अक्षरात पत्रातला मजकूर उतरवला. तीनशे दहा, पिवळा धूर, शंभर मोजणे, तीन तास. तोच इथेही लिहिला आहे. ज्याच्याकडे तशी भट्टी असेल त्याने करून पाहावं आणि आकडा आला तर तो परकार मॅडमच्या नावावर लिहावा.

डॉक्टर रेहाना इब्राहिम परकार, वय एकोणचाळीस, गुरुवार, ९ ऑगस्ट २०१८ रोजी सकाळी सात वाजता म्हसळ्यात आपल्या घरी वारल्या. मी तिथे पोचलो २४ नोव्हेंबरला.